फुकटचं दूध, विकतचं दूध

पूर्ण्याला मी सहा-सात वर्षं काढली, पण माझं खरं नाव तिथं फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे मला भुकटीबाई म्हणत. बाजारात गेले की माळीण हाक मारी, "भुकटीबाई, वांगी ताजी हायेत." स्टेशनवरचा तिकीटबाबू खिडकीतून विचारी, "भुकटीबाई, परभणी का?" सुरुवातीला राग यायचा. पुढं मीच बाळंतिणींच्या दारावर थाप मारून सांगू लागले, "भुकटीबाई आली, दार उघडा."

माझं काम सरकारी दूध केंद्र चालवण्याचं. आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही, पण तेव्हा परदेशातून आगबोटीनं दुधाची भुकटी मुंबईला यायची. तिथून मालगाडीनं पूर्ण्याला उतरायची, आणि आम्ही ती पाण्यात कालवून, उकळून गोरगरिबांच्या लेकरांना पाजायचो. मी परभणीच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकले होते. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, म्हणून नोकरी धरली. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. बाजारात निजामाचा हाली रुपया अजून हिंदुस्थानी कलदाराच्या शेजारी फिरत होता. केंद्राच्या पाटीवर आधी हैदराबाद सरकार लिहिलेलं होतं. काही वर्षांनी त्यावर रंग फासून मुंबई सरकार लिहिलं. पाटीखालचं दूध तेच राहिलं.

दूध कसं व्हायचं तेही सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की भुकटी पाण्यात टाकली की झालं. तशी टाकली तर नुसत्या गोळ्या होतात आणि पोरं त्या एकमेकांना फेकून मारतात. आधी कोमट पाण्यात ती पिठल्यासारखी कालवून घ्यायची, मग उकळत्या हंड्यात हळूहळू सोडायची आणि ढवळत राहायचं. जरा हात थांबला की तळाला लागलं. दूध पातळ आणि निळसर दिसे. वर साय धरत नसे, कारण तिकडच्या लोकांनी त्यातलं लोणी आधीच काढून घेतलेलं असे.

हंडा ढवळायला रहीमखाँ चाचा होते. ते आधी एका जहागीरदाराकडे बावर्ची होते. जहागिरी संपल्या, तशी चाचांची नोकरीही संपली. कधी रंगात आले की म्हणत, "बाईसाब, जहागीर टूटी तो जमीन कुळांकू मिली, मेरेकू ये करछी मिली." आणि दुधाची पहिली पळी वर उचलून पाहत, "मलाई उनो खा लिये, हमना ये भेज दिये."

पहिले काही दिवस कुणी फिरकलंच नाही. हाडाचा चुरा आहे, पोरांना बाटवायचा डाव आहे, असं काय काय उठलं होतं. शिवाय हंड्यावर मुसलमान माणूस, म्हणून काही घरांनी नाकं मुरडली. मी रोज सकाळी दारात उभी राहून सगळ्यांच्या देखत लोटाभर दूध प्यायचे. मला ते मुळीच आवडत नसे, पण चेहरा बासुंदी प्याल्यासारखा ठेवावा लागे. मग आधी आली ती ज्यांच्या घरी काहीच नव्हतं अशांची लेकरं. स्टेशनामागच्या झोपड्यांतली, विटांच्या भट्टीवरची, मजुरांची. काहींचे केस तांबूस झालेले, पोटं फुगलेली, हातपाय काडीसारखे. दोन-तीन महिने नेमानं दूध पोटात गेल्यावर तीच लेकरं रांगेत ढकलाढकली करू लागली. भुकटीची चेष्टा पुष्कळ झाली, मीही करते. पण तो फरक मी डोळ्यांनी पाहिलेला आहे, तो आधी सांगून टाकलेला बरा.

मग हळूहळू सगळाच गाव यायला लागला. एका मोठ्या घरची म्हातारी मोलकरणीच्या हाती पितळी कळशी धाडायची. मी परत पाठवली तर स्वतः आली आणि म्हणाली, "सरकार सगळ्यांचं हाय, तर दूध बी सगळ्यांचंच." घरं रंगवणारा एक जण दोनदा रांगेत सापडला, हे दूध चुन्यात घातलं की रंग भिंतीला चांगला धरतो, असा त्याला शोध लागला होता. म्हणून आम्ही नियम केला, चालत्या-फिरत्या लेकरानं इथंच, माझ्यासमोर प्यायचं. फक्त अंगावरच्या लेकरांच्या आयांना कोरडी भुकटी पुडीत बांधून घरी द्यायची. वरून हुकूमच तसा होता.

आता भागाबाईचं सांगते. हाटकर धनगरांच्या या बाईचं वय चाळिशीच्या पुढचं. नदीपलीकडच्या वस्तीवर राही. नवरा नव्हता, एक लेक आणि लेकीचं लहान लेकरू होतं. वीसेक शेळ्यांचा कळप हीच तिची शेती आणि हाच तिचा धंदा. उजाडायच्या सुमारास दुभत्या चार-पाच शेळ्या घेऊन ती रेल्वेच्या क्वार्टरांतून फिरायची आणि दारातच, गिऱ्हाइकाच्या भांड्यात धार काढून द्यायची. म्हशीचं दूध ज्यांना परवडत नसे, पण लेकरापुरतं पावशेर घेता येई, अशी खलाशांची, पोर्टरांची घरं तिची गिऱ्हाइकं होती. माझ्या चहाचं दूधही तिचंच. तिच्यासारख्या आणखी दोन बायका होत्या, पण भागाबाईच्या शेळ्या राखलेल्या, स्वच्छ, आणि तिच्या दुधात कधी पाणी नसे. पाणी घालायचं तरी कसं, धार तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं निघायची.

केंद्र सुरू होऊन वर्ष झालं असेल. एके दिवशी मी रांगेत दूध वाढत होते, तर पुढ्यात भागाबाई. कडेवर नातू, हातात जर्मनचा पेला.

मी म्हटलं, "भागाबाई, तुम्ही इथं?"

"लेकराला दूध पायजे की."

"पण तुमच्या शेळ्या?"

"हायेत ना. पन दूध घेतंय कोन? क्वार्टरातल्या समद्या बाया तुमच्याकडं यायल्यात. जे निघतंय ते हाटेलवाल्याला घालायले, तो अर्ध्या दरानं घेतो. घरच्या लेकराला हितं फुकट मिळायलंय, मंग इकायचं दूध घरी कसं जिरवू?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारभाव सांगावा तसं तिनं सांगितलं. "शेळीला पाला लागतो, ढेप लागती. त्ये न्हाई मिळालं की आटती. एकेक आटायली. वता बाई, मागं मानसं थांबलीत."

मी ओतलं. नातवानं पेला दोन्ही हातांनी धरून संपवला आणि ओठांवरची पांढरी रेघ जिभेनं पुसली. त्या दिवशी घरी चहा करताना ध्यानात आलं की आपणही आठवडाभर तिचं दूध घेतलेलं नाही. केंद्रातलं उरलेलं चाचा रोज माझ्यासाठी ठेवत होते.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. साहेब सज्जन. केंद्रांचा त्यांना खरा अभिमान होता, आणि आल्यावर ते आधी लेकरांची वजनं विचारत. मी त्यांच्यापुढं गोष्ट काढली. म्हटलं, "साहेब, वर्षाच्या आतल्या लेकरांपुरतं तरी इथल्या शेळ्यांचं दूध विकत घेऊ द्या. तान्ह्याला हे बिनसायीचं दूध तसंही मानवत नाही."

"फुकट माल कोठारात पडलेला असताना विकत घेतलं, तर वरचे मला काय म्हणतील?" ते म्हणाले. "त्यासाठी पैसाच ठेवलेला नाही हो. आणि ही भुकटी येते कशी ते ठाऊक आहे का? तिकडं गाई इतकं दूध देतात की सगळं बाजारात आणलं तर भाव पडेल आणि गवळी बुडतील. म्हणून त्यांचं सरकार जास्तीचं दूध विकत घेतं, वाळवतं, आणि आपल्यासारख्या देशांना पाठवतं. त्यांचा गवळी वाचतो, आपली लेकरं वाचतात. दोघांचंही भलं."

भागाबाई नातवाला घेऊन बाहेर पायरीवर बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "साहेब, एक इचारू का?"

"विचारा की."

"म्हंजी तिकडच्या गवळ्याचा भाव पडू नये म्हून त्येंच्या सरकारनं दूध बाजारातून काढून घेतलं?"

"बरोबर."

"आन आमच्या बाजारात आनून वतलं."

चाचांचा ढवळणारा हात थांबला. साहेबांना राग आला नाही. ते उठून दारात आले आणि तिच्याशी सरळ बोलले. "बाई, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण मला सांगा, ज्यांना तुमचं पावशेरही परवडत नव्हतं, त्या लेकरांनी काय करायचं? विटांच्या भट्टीवरची पोरं तुमची गिऱ्हाइकं कधी होती का?"

भागाबाईनं थोडा विचार केला. "न्हवती," ती म्हणाली. "त्ये बी खरंच हाय."

तेवढ्यावर ते बोलणं थांबलं. साहेब दुपारच्या गाडीनं परभणीला गेले. दोघंही खरं बोलले होते, आणि त्यानं माझा प्रश्न सुटला नव्हता.

पावसाळ्याच्या अखेरीस अनसूया आली. इंजिनात कोळसा भरणाऱ्या खलाशाची बायको, पहिलटकरीण, मुलगी चार-पाच महिन्यांची. बाळंतपणानंतर तापानं अनसूयाचं दूध गेलं, तेव्हापासून पोर भागाबाईच्या शेळीच्या दुधावर वाढत होती आणि चांगली वाढत होती. मग शेजारणींचं पाहून तीही केंद्रातली फुकटची पुडी नेऊ लागली. नवऱ्याचा पगार तो केवढा; अनसूयानं शेळीचं दूध बंद केलं. विहिरीच्या पाण्यात भुकटी कालवून पाजू लागली. रोज पाणी उकळायचं तर जळण कुठून आणणार?

तिनं पदराखालून लेकरू काढून माझ्यापुढं धरलं. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. जुलाब किती दिवसांपासून, विचारलं, तर तिला सांगता येईना. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून मी चमच्यानं पाजायला बसले. दुपारपर्यंत पोर थोडी रडली. ते रडणं ऐकून मला बरं वाटलं, कारण आली तेव्हा तेवढंही बळ तिच्यात नव्हतं. पण पाण्यावर किती दिवस काढणार? तिला अंगी लागेल असं दूध हवं होतं, आणि भुकटी तर आता पाजायची सोय नव्हती.

मी चाचांवर केंद्र सोडलं आणि अनसूयाला घेऊन नदीपलीकडं गेले. भागाबाईच्या खोपटापुढं बोचकी बांधून ठेवलेली होती. कळपाची जागा रिकामी. दावणीला दोनच शेळ्या होत्या.

"बाकीच्या कुठं?" मी विचारलं.

"हैद्राबादच्या खाटकाला दिल्या. स्टेशनावर डब्यात चढवताना मी गेले न्हाई, लेकीला धाडलं." तिनं बोचक्यावरची धूळ झटकली. "उद्या भावाच्या मेंढरासंगं गंगेकडं निघायले आमी. तिकडं कापसाचं काम मिळतंय." गोदावरीला तिथं गंगाच म्हणतात.

अनसूयानं लेकरू पुढं केलं. भागाबाईनं ते हातात घेतलं, टाळूवरून बोट फिरवलं, आणि काही न विचारता शेळीखाली बसली. बोटावर धार घेऊन तिनं पोरीच्या ओठाला लावली. पोरीनं चोखलं.

अनसूया रडायला लागली. "मावशी, फुकट मिळायलं म्हून घेतलं हो."

"मी बी घेतलं की. रांगेत हुबी ऱ्हायले तुज्या मागं," भागाबाई म्हणाली. "त्येच्यात रडायचं काय हाय?"

मी म्हटलं, "भागाबाई, थोडे दिवस थांबता येईल का? ही पोर उभी राहीपर्यंत."

तिनं बांधलेल्या बोचक्यांकडं पाहिलं. लेक खोपटाच्या दारातून बघत होती. मग म्हणाली, "थांबंन. पन दूध इकत घ्यावं लागंल. जुना दर, रोजच्या रोज. उधार न्हाई आन फुकट बी न्हाई. आन ह्या एका लेकरावर माजं पोट भरत न्हाई बाई, त्ये तुमी बगा."

हे मात्र माझ्या हातातलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी क्वार्टरांत दारोदार फिरले. ज्या घरी वर्षाच्या आतलं लेकरू आईच्या दुधावाचून होतं, तिथं सांगितलं, की याला भुकटी द्यायची नाही; निदान सहा महिने शेळीचं दूध घ्या, पाणी घालून, उकळून. थोरल्या लेकराला केंद्रात पाठवा, त्याचं पोट तिथं भरेल, आणि वाचलं ते धाकट्याच्या दुधाला लावा. काहींनी ऐकलं. काहींनी तोंडावर सांगितलं, "भुकटीबाईच भुकटी नको म्हनायली, म्हंजी हिला शेळीवालीकडून काय मिळत असंल." चार-पाच घरं लागली. भागाबाईचा भाऊ मेंढरं घेऊन पुढं गेला. ही राहिली. अनसूयाची पोर आधी मान धरायला लागली, मग गाल भरले. तिचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं, ते त्या दिवाळीत ठेवलं. पार्वती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात भुकटी यायची थांबली. आज येईल, उद्या येईल म्हणून आम्ही मालधक्क्यावर चौकशी करत राहिलो. शेवटी साहेब आले तेव्हा त्यांनी सांगितलं, "तिकडं यंदा दुधाला चांगला भाव आलाय. जास्तीचं काही उरलंच नाही, तर पाठवणार काय?"

चाचांनी रिकामा हंडा चुलीवरून उतरवला. "उनका भाव चढ्या, तो हमारा हंडा उतर्या," ते म्हणाले.

सगळ्या नोकरीत मला जड गेलेले दिवस कोणते, तर हे. पोरं पेले घेऊन यायची. मी सांगायचे, आज नाही. ती जायची नाहीत. रांग करून उभीच राहायची, कारण वर्षा-दोन वर्षांत त्यांना एवढंच शिकवलं होतं की नीट रांग केली की दूध मिळतं.

बाजारात मल्लप्पांचं किराण्याचं दुकान होतं. लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आणि बोलणं तागडीसारखं मोजकं. त्यांनी पोरांची रांग पाहिली आणि ज्वारीचं एक पोतं केंद्रात पाठवून दिलं. सांगितलं, आंबील करून पाजा, संपलं की निरोप धाडा. चाचांनी ताक मागून आणलं आणि पुढं कितीतरी दिवस पोरांना आंबील मिळत होती. मल्लप्पांनी त्याची कुठं वाच्यता केली नाही.

आणि त्याच आठवड्यात मल्लप्पांनी भागाबाईला दुकानावर बोलावलं. त्यांच्या सुनेला विषमज्वर झाला होता, नातू तीन महिन्यांचा. म्हशीचं दूध त्याला पचेना, भुकटी बंद, शेळ्या गावात उरलेल्या नाहीत. त्या दुसऱ्या दोन शेळीवाल्या केव्हाच जनावरं विकून गाव सोडून गेल्या होत्या. दूध मिळण्याजोगं एकच दार होतं. मी पोत्याबद्दल आभार मानायला गेले होते, म्हणून ते बोलणं माझ्या कानांवर पडलं.

मल्लप्पा म्हणाले, "भागाबाई, दोनी शेळ्यांचं, सकाळ-सांज, समदं दूध आमाला. दर दुप्पट."

"समदं?"

"समदं. नातवाला लागंल तेवढं लागंल, उरलं तर सुनंला. तुजं बी भलं हाय त्येच्यात. माल कमी आन गिऱ्हाईक जास्त झालं की भाव चढतो. तवा पडला व्हता, आता चढलाय. घेऊन टाक."

त्यात खोटं काही नव्हतं. ज्या दिवसांत तिचं दूध कुणी विचारत नव्हतं, तेव्हा भाव पडल्याचा सगळा मार तिनं एकटीनं खाल्ला होता. आता भाव चढलाय तर तो तिनं का घेऊ नये? अनसूयाला दुप्पट दर देणं जन्मात जमलं नसतं. मी तिथंच उभी होते. कोणत्या तोंडानं सांगायचं, की भागाबाई, तुम्ही तोटा सोसा?

भागाबाई म्हणाली, "सकाळचं समदं तुमाला, दुप्पट दरानं. सांजच्याला शेळ्या आटल्यात अप्पा. थेंब निघत न्हाई."

"सकाळी दूध देती आन सांजच्याला आटती, आसली कंची शेळी?"

"उन्हाळा हाय. पाला न्हाई," ती म्हणाली आणि निघून गेली.

मल्लप्पा माझ्याकडं वळले. "बाई, तुमी दवाखान्यातल्या. तुमी सांगा, खरंच आटल्या?"

अनसूया आणि दुसऱ्या दोघी रोज दिवेलागणीच्या आधी नदीपलीकडं जाऊन जुन्या दरानं दूध आणत होत्या, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "अप्पा, मी भुकटीतली. शेळीतलं मला काय कळतंय."

ते गालात हसले. "दुकानदार हाय मी. माल लपवलेला मला कळत न्हाई व्हय?" त्यांनी वर काही विचारलं नाही. सकाळच्या दुधाचे दुप्पट पैसे मात्र रोज गेले, आणि नातूही चांगला झाला. सुनेला बरं व्हायला पावसाळा उजाडला.

त्या दुप्पट दरावर भागाबाईनं एक गाभण शेळी विकत घेतली. मी तिला एकदा विचारलं, की सकाळ एका दरानं आणि सांज दुसऱ्या दरानं, हे मनाला कसं पटवलंत? ती ढेप फोडत होती. म्हणाली, "ज्याला देता येतंय त्येच्याकडून घ्यायचं, न्हाई त्येला कमी लावायचं. घरात भाकरी वाढताना आपन काय करतो? कामाला जायाचं त्येला आर्धी जादा, बारक्याला आर्धी कमी. तसंच की." मग म्हणाली, "पन समद्यांनाच कमी लावलं आसतं तर माजी शेळी मेली आसती. आदी शेळी जगाया पायजे."

भुकटी पुन्हा आली ती थंडीत. पिंपं उतरली, चाचांनी हंडा चढवला, पोरांनी आरडाओरडा केला. या वेळी मी आधीच ठरवून ठेवलं होतं. साहेब आले तेव्हा त्यांच्यापुढं पार्वतीला आणि क्वार्टरातल्या आणखी काही लेकरांना बसवलं. कुणाला भुकटीनं काय झालं आणि शेळीच्या दुधावर कोण कसं सुधारलं, ते सगळं सांगितलं. म्हटलं, वर्षाच्या आतल्यांना मी पुडी देणार नाही. हुकमाविरुद्ध असेल तर मला काढा.

साहेबांनी पार्वतीला मांडीवर घेतलं. तिनं त्यांच्या खिशातलं पेन ओढलं. "तुम्ही शेळीवाल्यांचा धंदा म्हणून सांगाल तर वर कुणी ऐकणार नाही," ते म्हणाले. "तान्ह्यांना बाधतं म्हणून सांगितलं तर ऐकतील. दोन्ही खरंच आहे, त्यातलं चालेल ते पुढं करू." त्यांनी तसं वर कळवलं आणि आमच्या केंद्रापुरती तान्ह्यांची पुडी बंद करायची परवानगी आणली. तेव्हापासून पूर्ण्याला चालती लेकरं केंद्रात प्यायची आणि तान्ह्यांचं दूध भागाबाईकडून विकत जायचं. ज्या एक-दोन घरी काहीच परवडत नसे, त्यांचं क्वार्टरातल्या बायका वर्गणीतून भागवत. वर्गणीवरून भांडणंही होत, ती मिटवता मिटवता माझा जीव जाई.

सगळं पहिल्यासारखं झालं असं मात्र नाही. भागाबाईच्या शेळ्या सात-आठाच्या वर कधी गेल्या नाहीत. तिच्या लेकीनं त्या धंद्याकडं पाठच फिरवली, ती कोळशाच्या यार्डात रोजंदारीवर जाई आणि म्हणे, "शेळीचा काय भरवसा? इंजिन तर रोजच कोळसा खातंय." गाव सोडून गेलेल्या त्या दोघी परत आल्या नाहीत. त्या कुठं गेल्या, हे मी विचारलं तेव्हा सांगणारंही कुणी नव्हतं. ही रुखरुख मला अजून आहे. चांगल्या हेतूनं आलेली वस्तू कुणाच्या अंगणात उतरते, ते आधी बघायला हवं होतं. पण बघायचं असतं हेच आम्हांला कुणाला माहीत नव्हतं.

महाराष्ट्र झाला त्या सुमारास माझी बदली पेडगावला नव्या केंद्रावर झाली. पहिल्याच दिवशी स्टेशनवरून बैलगाडीतून पिंपं आली. गाडीवान आणि शिपाई ती उतरवायला लागले. मी म्हटलं, "थांबा जरा. गावात दूध कोण विकतं?"

शिपाई पळत गेला आणि वाटीभर दूध घेऊन आला. त्याला वाटलं, नव्या बाईला चहा हवाय.

"हे नको. विकणाऱ्यांना बोलावून आण. असतील तेवढ्यांना."

तिघं जण आले. दोन म्हशीवाले आणि एक शेळ्या राखणारी म्हातारी. दाराबाहेरच उभे राहिले, आत येईनात. त्यातला वयस्क म्हशीवाला पटका सावरत म्हणाला, "बाईसाहेब, आमी दुधात पानी घालत न्हाई. कुनी चुगली केली आसंल तर खोटी हाय."

"पाण्यासाठी नाही बोलावलं," मी म्हटलं. "गाडीत आहे ते दूध फुकट वाटायचं आहे. ते उघडण्याआधी तुमची गिऱ्हाइकं कोण, आणि गावात दुधावाचून कोण आहे, ते मला सांगा. कुणाला हे द्यायचं आणि कुणाला तुमचंच घ्यायला लावायचं, ते बसून ठरवू."

ते एकमेकांकडं बघू लागले. म्हातारी आधी आत आली आणि भिंतीला टेकून बसली.

म्हशीवाला म्हणाला, "लय येळ लागंल बाई. घरामागं घर सांगावं लागंल."

"लागू द्या."

गाडीवानानं बैल सोडले आणि त्यांच्यापुढं कडबा टाकला. पिंपं त्या दिवशी गाडीतच राहिली.